पांढरीची माती

शनिवारी ऊन चढायच्या आतच चंद्राबाई शिडीवर होती आणि खालून तिची थोरली जाऊ गोजरबाई सारखी बजावत होती, की मास्तरीणबाई, उतरा, नाहीतर धाब्याच्या आधी तुम्हीच खाली याल. चंद्राबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. लग्न झाल्यापासून तिनं मिशनच्या दोन खोल्यांत संसार केला होता. तिथं भिंतीला खुंटी ठोकायची तरी साहेबाला विचारावं लागे, आणि साहेब 'बघू' म्हणाला की ती खुंटी वर्षभर ट्रंकेत पडून राही. आता तांबोळ आळीच्या टोकाचं हे बादशाहभाईंचं जुनं घर त्यांचं झालं होतं. बारामतीत दुसरीकडं कुठं विचारायची सोय नव्हती. ख्रिस्ती म्हटल्यावर लोक हसून विषय बदलत, आणि ख्रिस्ती व्हायच्या आधीची जात कळली की तेवढं हसणंही बंद होई. बादशाहभाईंनी मात्र सरळ किल्ली हातावर ठेवली. घर दणकट आहे, म्हणाले, छपराचं तेवढं तुमचं तुम्ही बघा.

छपराचं बघणं म्हणजे काय ते तिला संक्रांतीनंतर कळलं. घर पाहावं बांधून, असं जुनी माणसं म्हणत ते काय उगाच? गवंड्यांनी मातीचं कुजलेलं सपाट धाबं उतरवलं, दोन तुळया बदलल्या, वर लाकडाच्या चिपांचा, म्हणजे किलचाचा, थर घातला. मग इंदापूरकडं साखर कारखान्याचं बांधकाम निघालंय आणि तिथं मजुरी जास्त मिळते असं कानावर आल्याबरोबर सगळे एका सकाळी गायब झाले. घराला वर आभाळ राहिलं. मिशनच्या खोल्या सोमवारी नव्या प्रचारकाला द्यायच्या होत्या, त्याचं बिऱ्हाड नगरहून निघालंसुद्धा होतं.

आणि घरधनी कुठं? घरधनी सायकलवर. रावजी मास्तर सोमवारी पहाटे टांग मारून इंदापूरला जायचे, तिथल्या शाळेतली पोरं गोळा करून शास्त्र वाचायचे, भजनं शिकवायचे, कुणाच्या तापाला काढा द्यायचे तर कुणाच्या फीसाठी हेडमास्तरांच्या पायऱ्या झिजवायचे आणि शनिवारी धुळीनं पांढरे होऊन परतायचे. रविवारी संध्याकाळी बारामतीच्या बोर्डिंगातली मुलं त्यांच्याकडं जमत. ही रविवारची मंडळी म्हणजे मास्तरांचा जीव. ख्रिस्ती मुलं येत, न झालेलीही येत, तबल्यावर भजन होई, मग वाद होत, आणि मग सगळ्यांना चंद्राबाईच्या हातची भाकरी आणि आमटी मिळे. लोकांची पोरं सांभाळता सांभाळता ह्या माणसाला स्वतःच्या डोक्यावर छप्पर नाही हे दिसत नाही, असं ती सासूजवळ एकदा बोलून गेली होती. सासूनं, ठमाबाईनं, तेव्हा लेकाचीच बाजू घेतली होती.

म्हणून गेल्या रविवारी भजन आटोपल्यावर चंद्राबाईनं मुलांना स्वतःच सांगून टाकलं. कऱ्हेच्या काठी जुन्या वस्तीचं टेकाड आहे, त्याची पांढरी माती धाब्याला चांगली, पाणी धरत नाही. ती तेवढी आणून टाका रे बाबांनो, आठवडाभर शाळा सुटली की. मुलांनी हो म्हटलं. आठवडाभर डोक्यावर टोपली घेऊन, भजनं म्हणत, त्यांनी माती आणली. पाणी आणलं. चिखल तुडवला. आज तो चिखल आणि त्यावर ती माती किलचावर चढवून चोपायची होती. धाबं अर्धं टाकून चालत नाही, भिजवलेला चिखल थांबत नाही. शेळगावहून थोरले दीर महिपती बैलगाडी आणि बायको घेऊन पहाटेच आले होते. दुष्काळात ठमाबाई धाकट्या रावजीला कडेवर घेऊन मिशनच्या दाराशी गेली तेव्हा महिपती चुलत्याकडं शेळगावात राहिला, तो गावकीची महारकी करत तिथंच वाढला. देव वेगळे झाले, पण हाक मारली की तो येई.

दुपारी मास्तर आले. सायकल भिंतीला टेकवली आणि तिथंच थबकले. शिडीपासून मातीच्या ढिगापर्यंत मुलांची रांग लागली होती, टोपली हातोहात वर जात होती. रांगेत सगळ्यात पुढं झुंबर, बोर्डिंगातला सगळ्यात हुशार मुलगा, अंगातला सदरा काढून ठेवलेला, खांद्यावर चिखलाचे ओघळ. वर्षभरात तो मॅट्रिकला बसणार होता. मास्तर त्याला आपला उजवा हात म्हणत, आणि पुढं कधीतरी ही रविवारची मंडळी त्याच्याच हाती द्यायची हे त्यांनी मनात धरलं होतं.

चंद्राबाई खाली उतरली, नवऱ्याला पाणी दिलं. तिला वाटलं होतं शाबासकी मिळेल. मास्तर तोंड धुता धुता हळूच म्हणाले, की हे मुलांना कुणी सांगितलं.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

"मला विचारायचं तरी."

"कुणाला विचारू? सायकलला?"

महिपतीनं हे ऐकलं आणि धाब्यावरून मोठ्यानं हसला. मास्तर, तुझी बायको कारभारीण आहे, तू आपला भजनं म्हण, असं काहीतरी तो बोलला, त्यावर मुलंही हसली. मास्तरांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि रांगेत उभे राहिले. पण चेहरा उतरला होता. ह्या माणसाला कशातच आनंद नाही, असं मनात म्हणत चंद्राबाई तणतणत परत शिडी चढली.

बैठकीच्या खोलीवर चिखल पसरून झाला होता, माजघरावरचा आणि स्वयंपाकघरावरचा किलच अजून उघडा होता, तेव्हा गेणबा आला. झुंबरचा बाप, कोऱ्हाळ्याचा. लेकाला दशम्या घेऊन बोर्डिंगात गेला होता, तिथं त्याला कळलं की सगळी पोरं मास्तरांच्या घरी माती वाहायला गेलीत. तो आळीच्या तोंडाशी उभा राहून बराच वेळ बघत होता, हे गोजरबाईनं नंतर सांगितलं. मग तो पुढं आला. ओट्यापासून लांब, रस्त्याच्या कडेला थांबला. डोक्याचं मुंडासं काढलं, कमरेत वाकला आणि हात जमिनीपर्यंत नेला.

"जोहार, मास्तर," तो म्हणाला.

रांग जागच्या जागी थांबली. जोहार महारांनी पाटलाला घालायचा, देशमुखाला घालायचा. आणि गेणबानं तर दोन वर्षांपूर्वी सभेत उभं राहून शपथ घेतली होती, की आजपासून कुणालाही जोहार घालणार नाही आणि गावाची वेठ वाहणार नाही. त्यापायी कोऱ्हाळ्यात त्याचं दाणापाणी तुटलं होतं, विहिरीवरचं पाणी तुटलं होतं. झुंबरला बोर्डिंगात घालायला आला तेव्हा त्यानं मास्तरांना एकच अट घातली होती. धर्म कंचा बी शिकवा, म्हणाला होता, पण वाकायला शिकवू नगा. मास्तर त्या रात्री ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत येरझाऱ्या घालत होते, चंद्राबाईनं स्वतः पाहिलं होतं.

मास्तरांच्या हातातलं टोपलं खाली आलं. ते पुढं झाले, गेणबाचे दंड धरून त्याला सरळ करू लागले, असं करू नका, करू नका, एवढंच म्हणत राहिले. गेणबा सरळ झाला, पण आवाज चढवला नाही. तेच जास्त जिव्हारी लागलं.

"माझा बा पाटलाच्या वाड्यावर हीच माती चढवायचा," तो म्हणाला. "म्या पोरगं हितं धाडलं ते त्याच्या डोस्क्यावरचं टोपलं उतरावं म्हणून."

महिपती धाब्यावरून खाली आला. त्याला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, कारण शेळगावात तो स्वतः अजून रोज जोहार घालत होता. त्यानं गेणबाला सुनावलं, की एवढं टोचायला काय झालं, घरच्या माणसाचं काम घरची पोरं करतात, ह्याला वेठ म्हणत नाहीत, इर्जिक म्हणतात. आमच्या रानात तू ये, तुझ्या रानात मी येतो, मध्ये जेवणं होतात. गेणबानं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. मग विचारलं, की माझं रान कुठं आहे ते दाखवा, मास्तर तिथं कधी नांगर धरायला येणार तेही सांगा. गोजरबाई पदर तोंडाशी धरून पुटपुटली की माणूस खोटं बोलत नाही. नवऱ्यानं तिच्याकडं डोळे वटारले, तर ती मुद्दाम गेणबाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

चंद्राबाईच्या कानशिलाला आग लागली होती. हे घर मास्तरांनी नाही, तिनं उभं केलं होतं. चुना तिनं भिजवला होता, तुळई घेताना सुताराशी ती भांडली होती, आणि आता सगळ्यांसमोर ती पाटलीण ठरत होती. ती शिडी उतरून सरळ गेणबासमोर गेली.

"मास्तरांना बोलू नका," ती म्हणाली. "ते इथं नव्हते. मुलांना मी सांगितलं. आणि वेठ कसली? दर रविवारी माझ्या हातची भाकरी खातात ती."

"भाकर पाटील बी देतो, बाई. भाकरीवरच तर वेठ चालती."

आठवडाभर तिच्या मनात हाच हिशेब होता, हे तिला तिथं, त्या उन्हात, उभ्या उभ्या कळलं. माझी भाकरी खाता ना, मग माझी माती वाहा. तिनं तो कधी शब्दांत मांडला नव्हता एवढंच.

मास्तर मागं वळले आणि मुलांना म्हणाले, टोपली ठेवा. मग धाब्याकडं बघत म्हणाले, की चढवलेला चिखल उतरवू या, हे घर अशा मातीनं झाकायचं नाही. फार शांतपणे म्हणाले. चांगुलपणा करायला ह्या माणसाला काही लागत नाही. एका वाक्यात घर उघडं केलं, आणि सोमवारी बोचकी घेऊन रस्त्यावर कोण बसणार? ती. हे सोमवारी सायकलवर. उतरवायचा तर तो माझ्या अंगावरून जाऊन उतरवा, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठावर आलं.

तेवढ्यात झुंबर पुढं आला. त्यानं बापाला सांगितलं, की आमी खुशीनं केलं, कुणी मारून मुटकून करवलं नाही. मागची दोघं-तिघं मुलंही व्हय व्हय करू लागली.

"माझा बा बी खुशीनंच करायचा," गेणबा म्हणाला. "पाटील त्याला शाबास म्हणायचा."

चंद्राबाईनं झुंबरकडं पाहिलं. तो पहिल्यांदा आला तेव्हा केवढासा होता, खरजेनं भरलेला, तिनं त्याला कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळी घातल्या होत्या. त्याच्या 'खुशीनं' वर तिचा विश्वास बसायला हवा होता. सगळं त्यानं मिटून जाणार होतं, धाबं पुरं होणार होतं. पण शब्द बाहेर पडलेच, आणि ते कुठून आले ते तिचं तिलाही कळलं नाही.

"झुंबर, खरं सांग. त्या दिवशी मी माती आणा म्हटलं, तेव्हा तुला नाही म्हणता आलं असतं का?"

तो पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत राहिला. मास्तरांकडं बघितलं, बापाकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं नाही.

"न्हाय, बाई," तो म्हणाला. "तुमाला कसं न्हाय म्हणणार?"

झालं. आता कुणी काही बोललं नसतं तरी चाललं असतं. कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखी चंद्राबाई मागं सरकली आणि मातीच्या ढिगावर बसली. आपल्याच मातीवर बसून आपली लाज कशी सोसायची असते ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. गेणबानं तिच्याकडं पाहिलं तेव्हा त्याच्याही डोळ्यांत राग उरला नव्हता, पण तो माघार घेणाऱ्यातला नव्हता. त्यानं लेकाला सांगितलं, वळकटी आण, आपुन घरला जाऊ.

झुंबर हलला नाही.

"चल म्हन्लं न्हवं."

"न्हाय, आबा," झुंबर म्हणाला. "म्या हितंच राहतो. मॅट्रिक करतो. माती मात्र वाहणार न्हाय."

बापाला नाही आणि बाईलाही नाही, एका दमात. ज्या शब्दासाठी गेणबानं गावाशी दावा मांडला होता, तो शब्द पहिल्यांदा त्याच्याच अंगावर आला होता. मग त्यानं दशम्यांचं फडकं लेकाच्या हातात दिलं, मुंडासं बांधलं आणि मास्तरांना म्हणाला, राम राम. मास्तरांनी हात जोडून राम राम घातला. मिशनमध्ये वाढलेल्या त्यांच्या तोंडून तो कधी आला नव्हता.

मुलं एकेक करून निघून गेली, नदीवर हातपाय धुवायला. उद्या या रे, असं मास्तरांनी सवयीनं म्हणायला तोंड उघडलं आणि न म्हणताच मिटलं. आवार मोकळं झालं, ढीग तसाच. मास्तर चिखल उतरवायला शिडीकडं निघाले, तेव्हा ओट्यावर सकाळपासून गप्प बसलेली ठमाबाई पहिल्यांदा बोलली.

"रावज्या, शिडीला हात लावू नगंस."

मास्तर थांबले. आईनं त्यांना ह्या नावानं हाक मारून फार वर्षं झाली होती.

"चढलेली माती उतरवून कुणाची वेठ फिटत न्हाय," ती म्हणाली. "त्या पोराला इचारलं तवा त्यानं खरं सांगितलं. ह्या बाईला कुणी इचारलं का? दर आयतवारी एवढ्यांच्या भाकरी ती बडवती. तिला न्हाय म्हणता आलं असतं व्हय रं?"

इतकी वर्षं म्हातारी लेकाच्या अंगानं बोलत आली होती. गोजरबाईनं कौतुकानं सासूकडं बघितलं. महिपती घसा खाकरून बैलांना पाणी दाखवायला गेला. मास्तर बायकोकडं वळले. चंद्राबाईला त्यांची दयाही आली आणि चीडही आली. तिला सांगता आलं असतं की तुमच्या मंडळीवर माझाही जीव आहे. ते खोटं नव्हतं. पण आजच तिनं एका मुलाच्या 'खुशीनं' चं काय झालं ते पाहिलं होतं.

"नसतं आलं," ती म्हणाली. "म्हणून आता म्हणते. उद्याच्या भाकरी मी करणार नाही."

ती उठली. ढिगातून टोपलं भरलं, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि शिडी चढली. मागोमाग गोजरबाई चढली. महिपती बैल बांधून आला आणि मुकाट्यानं टोपली भरून देऊ लागला. शेवटी मास्तरही वाहू लागले. चौघांच्या हातून किती होणार? उन्हं कलेपर्यंत बैठकीची खोली आणि माजघर झाकलं गेलं. स्वयंपाकघर उघडंच राहिलं, आणि त्यासाठी भिजवलेला चिखल आता कडेनं फुटायला लागला होता. सोमवारी चूल आभाळाखाली मांडायची. मांडू, चंद्राबाईनं मनाशी म्हटलं. मुलांनी आणलेल्या मातीकडं बघवत नव्हतं, पण हातातल्या लाकडी चोपण्यानं तीच माती ती एकसारखी बडवत राहिली. हात दुखत होते. तिला रडू येत होतं आणि ते गोजरबाईला दिसू नये म्हणून ती पाठमोरी बसली होती. इंदापूरची मुलं सोमवारी वाट बघतील, हे मास्तरांनी एकदा हळूच म्हणून पाहिलं. मग बघतील, ती म्हणाली.

शिडीखालून मास्तरांची हाक आली तेव्हा वर ती एकटीच उरली होती. तिनं वाकून बघितलं. ते हात धुऊन, बाह्या कोपरापर्यंत सारून उभे होते आणि बगलेत तिची परात होती.

"पीठ कुठं असतं?" त्यांनी विचारलं. "उद्याच्या भाकरी आजच करून ठेवतो, मला वेळ लागेल."

ह्या घरात कुठं आणि मिशनच्या खोल्यांत कुठं, बोचक्यांत बांधलेलं कुठलं आणि डेऱ्यातलं कुठलं, ते तिनं सगळं सांगितलं. पाणी कोमट करून घ्या, नाहीतर पीठ जुळणार नाही, हेही सांगितलं. ते मान डोलवून गेले. थोड्या वेळानं पुन्हा शिडीखाली आले.

"किती जणांचं घेऊ?"

चंद्राबाईनं चोपणं खाली ठेवलं. इतके रविवार ती न मोजता घेत आली होती, हाताला ठाऊक होतं.

"ते मी कसं सांगू?" ती म्हणाली. "उद्या कोण येईल ते आता त्यांचं ते ठरवणार."

मास्तरांनी आत जाऊन अंदाजानं पीठ ओतलं.